छोट्या स्टेलरेटरच्या कॉइल जुळवणीच्या नोंदी: अर्धा मिलिमीटर कुठे कुठे हरवतो

९ जानेवारी

काम सुरू झालं म्हणून आजपासून नोंदी ठेवतोय. स्टेलरेटर म्हणजे वाकड्या कॉइलच्या चुंबकीय फील्डने तप्त प्लाझ्मा कड्याच्या आकारात धरून ठेवणारं यंत्र. आमचं मशीन लहान आहे, मोठी त्रिज्या (कड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत) ५० सेमी, प्लाझ्माची सरासरी त्रिज्या साधारण ८ सेमी, तीन पिरियड (कड्याभोवती तोच आकार तीनदा येतो) आणि तांब्याच्या १८ कॉइल. आकार तीनच, अ, ब आणि क, प्रत्येकी सहा. पल्समध्ये फील्ड ०.१ टेस्ला, मॅपिंगला (इलेक्ट्रॉन बीम सोडून फील्डचा आकार बघायला) सलग ०.०५ टेस्ला. थिअरी इथे लिहीत नाही, ती कुठेही मिळते. मिळत नाही ते हे की कॉइल हातात आल्यावर काय काय वाकडं जातं.

टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ती मर्यादा, कुठून काढला ते सांगतो. प्रिन्स्टनच्या एनसीएसएक्स या स्टेलरेटरला पण तीन पिरियड आणि १८ मॉड्युलर कॉइलच होत्या, मोठी त्रिज्या १.४ मीटर आणि कॉइलच्या जागेला ±१.५ मिमी. म्हणजे ढोबळमानाने हजारात एक. तेच प्रमाण आपल्याला लावलं तर ±०.५ मिमी. लहान मशीन म्हणजे सोपं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबून विचार करावा, मशीन लहान केलं की टॉलरन्स पण त्याच प्रमाणात लहान होतो, आणि तार, इपॉक्सी, बोल्ट हे काही लहान होत नाहीत. एनसीएसएक्स २००८ मध्ये अर्धवट असतानाच बंद केलं, खर्च आणि वेळ दोन्ही वाढत गेले आणि त्यात या टॉलरन्सचा वाटा मोठा होता.

आमची वाटणी: वाइंडिंगला ०.३, कॉइल मॉड्यूलमध्ये (मशीनच्या एक तृतीयांश तुकड्यात) बसवायला ०.२, मॉड्यूल एकमेकांना जोडायला ०.३. वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ, येतात ०.४७. कागदावर छान दिसतंय.

२४ जानेवारी

पहिली ब कॉइल भंगारात.

फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, ॲल्युमिनियमचा, पाच-अक्षी मिलिंगवर काढलेला, त्याच्यात काहीच खोट नाही, खोबण ड्रॉइंगपासून ०.०५ मिमीच्या आत. घोडं अडलं तारेपाशी. ब कॉइलला आतल्या बाजूला एक खोलगट वळण आहे आणि तिथे तार ताणली की ती खोबणीत बसण्याऐवजी सरळ जायला बघते, म्हणजे तळापासून वर उचलली जाते. आम्ही ताण वाढवला, तर ती अजूनच उचलली गेली, जे व्हायचंच होतं. शिवाय चौकोनी तार तीव्र वळणावर आतून फुगते आणि बाहेरून बारीक होते, एका तारेचं काही वाटत नाही पण ६ बाय ४ चा गठ्ठा आहे, चौथ्या थरापर्यंत फुगवटा साठत जातो आणि गठ्ठ्याचा मध्य जागचा हलतो. मापन हाताने (टोकाने बिंदूची जागा टिपणारं सांधेवालं यंत्र) तपासलं तर वळणावर गठ्ठ्याचा मध्य ०.९ मिमी बाहेर.

आता पद्धत बदलली. ताण कमी, प्रत्येक थरानंतर वळणावर क्लॅम्प, मापन हाताने गठ्ठ्याच्या दोन्ही बाजू मोजायच्या आणि जिथे कमी-जास्त असेल तिथे पुढच्या थराखाली काचेच्या टेपची पट्टी घालायची. फार कंटाळवाणं काम आहे. पण थर एकदा झाकला गेला की दुरुस्ती नाही, त्यामुळे मोजणं शेवटी ठेवून चालत नाही. एनसीएसएक्सवाले पण वाइंडिंग चालू असताना असंच मोजून क्लॅम्पने गठ्ठा सरकवायचे, त्यांची तार तर लवचिक दोरखंडासारखी होती.

६ फेब्रुवारी

इपॉक्सी. क्युअर झाल्यावर क्लॅम्प काढले आणि गठ्ठा पुन्हा ०.१५ मिमी हलला. आता क्लॅम्पखालीच इपॉक्सी भरतो आणि क्लॅम्पचे दात आतच राहू देतो, काचेच्या लॅमिनेटचे बनवलेत, राहिले तरी बिघडत नाही. दिसायला भिकार, मोजायला बरी कॉइल झाली.

१७ फेब्रुवारी

ही नोंद नीट वाचा, इथे सगळ्यात जास्त वेळ वाचू शकतो.

कॉइल जुळवताना आपण मोजतो काय, तर फॉर्मरवरचे मापबिंदू. प्लाझ्माला फॉर्मरशी देणंघेणं नाही, त्याला करंट कुठून जातो तेवढंच कळतं. इपॉक्सीत बुडालेल्या गठ्ठ्याचा मध्य बाहेरून मापन हाताने मोजता येत नाही. म्हणून प्रत्येक कॉइलचं चुंबकीय माप घ्यायचं ठरलं: कॉइलमध्ये छोटा एसी करंट सोडायचा, एका जिगवर ठरलेल्या जागी पिकअप कॉइल ठेवायच्या आणि लॉक-इन अँप्लिफायरने व्होल्टेज वाचायचं. एसी असल्यामुळे पृथ्वीचं फील्ड आपोआप बाद होतं, हा मोठा फायदा.

सुरुवातीला १ किलोहर्ट्झ वापरलं कारण सिग्नल दणदणीत येतो. आकडे आले ते बघून वाटलं सगळ्याच कॉइल दीड मिमी आत सरकलेल्या, सगळ्या एकाच दिशेला. सगळ्याच एकसारख्या चुकतील कशा? कारण होतं ॲल्युमिनियमचा फॉर्मर. १ किलोहर्ट्झला ॲल्युमिनियमची स्किन डेप्थ (एसी फील्ड धातूत जितकं आत शिरतं ती खोली) जेमतेम अडीच मिमी, म्हणजे फॉर्मरच्या पृष्ठभागावर एडी करंट (बदलत्या फील्डमुळे धातूत उठणारे भोवरे) फिरतात आणि आपण कॉइल प्लस एडी करंट असं काहीतरी भलतंच मोजत बसतो. फॉर्मरला इन्सुलेटेड काप आहे, त्यामुळे पूर्ण रिंगभर करंट फिरत नाही, पण जाड भिंतीतल्या लहान भोवऱ्यांना कापाचा काही उपयोग नसतो. फ्रिक्वेन्सी कमी कमी करत ७ हर्ट्झवर आणली, सिग्नल बारीक झाला, सरासरी काढायला वेळ लागतो, पण आकडा फ्रिक्वेन्सीबरोबर हलायचा थांबला. तोच आकडा खरा. मेन्सच्या पटीतली फ्रिक्वेन्सी अर्थातच टाळा.

निकाल: बहुतेक कॉइल ०.३ च्या आत. ब-४ मात्र ०.६. मापन हाताने मोजल्यावर हीच ब-४ सगळ्यात सुंदर आली होती.

पुन्हा गुंडाळायची का यावर बराच वाद झाला. शेवटी तशीच ठेवली, करंट सेंटर कुठे आहे ते कळलंय ना, मग फॉर्मर तेवढा उलट दिशेला सरकवून बसवू. पण गठ्ठा सगळीकडे सारखा सरकलेला नसतो, एका वळणावर जास्त आणि बाकी ठिकाणी कमी असतो, त्यामुळे अख्खी कॉइल सरकवून चूक पूर्ण जात नाही, अर्धीअधिक जाते. याचा हिशेब पुढे चुकवावा लागणार हे तेव्हाच दिसत होतं.

२८ फेब्रुवारी

जमिनीवर आणि भिंतीवर मापबिंदूंच्या खोबण्या चिकटवल्या, लेझर ट्रॅकर (लेझरने बिंदूंच्या जागा मोजणारं यंत्र) भाड्याने आला. भाडं तांब्यापेक्षा महाग पडलं, बजेटमध्ये ही ओळ आधीच मोठी धरा.

सकाळी मॉड्यूल १ जुळवलं, संध्याकाळी तपासलं तर बाहेरच्या कॉइल ०.१५ मिमी सरकलेल्या. कोणी हात लावला नव्हता. बेसप्लेट ॲल्युमिनियमची, १.२ मीटर, खोलीचं तापमान दिवसभरात साधारण ६ अंशांनी वर गेलेलं, आणि ॲल्युमिनियम मीटरला अंशामागे २३ मायक्रॉन वाढतं. गुणाकार करा, १६५ मायक्रॉन. मॉड्यूल बसवायच्या ०.३ मधला अर्धा भाग नुसता हवेनेच खाल्ला.

उपाय दोन. बेसप्लेटवर तीन थर्मामीटर चिकटवले आणि प्रत्येक माप एकाच संदर्भ तापमानाला आणून मगच जुळवणीत घेतलं. आणि शेवटची मापं पहाटे, पंप बंद, दिवे बंद. मॅपिंग चालू असताना कॉइल तापतात तो प्रश्न वेगळा, पण तेव्हा सगळ्या कॉइल जवळजवळ सारख्या तापतात, मशीन सगळीकडून सारखं फुगतं आणि सारखं फुगणं तितकंसं नडत नाही. नडतं ते एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असणं.

१६ मार्च

मॉड्यूल १ आणि २ पूर्ण. प्रत्येक मॉड्यूल म्हणजे व्हॅक्यूम वेसलचा एक तृतीयांश तुकडा आणि त्याच्यावर ओवलेल्या सहा कॉइल. एकदा फ्लँज जोडली की कॉइल बाहेर काढायची सोय नाही, सगळं उलगडावं लागतं.

टोरसच्या (कड्याच्या) आतल्या बाजूचे बिंदू ट्रॅकरला दिसतच नाहीत, कॉइलची इतकी दाटी आहे. मधल्या भोकात मापन हात उभा करून आतलं मोजलं आणि दोन्हीकडून दिसणाऱ्या सामाईक बिंदूंनी दोन मापं एकत्र जोडली. असे सामाईक बिंदू किमान सहा ठेवा आणि एकाच बाजूला नकोत, नाहीतर बेस्ट-फिट करताना अख्खं माप किंचित कलंडतं आणि बाकीची त्रुटी बघून काही शंका पण येत नाही.

बोल्टांचं पण सांगतो. जुळवलेली कॉइल बोल्ट आवळताना ०.१ ते ०.२ मिमी सरकते. क्रमाने, थोडं थोडं आवळलं तरी सरकतेच. शेवटी अंदाज बांधून आधीच उलट्या दिशेला ठेवायला लागलो, जमलं की मग जागेवरच भोक पाडून रीमर मारून डॉवेल पिन. पिन आधी मारायची घाई नको, सगळं मोजून झाल्यावरच.

२ एप्रिल

स्टेनलेसचे बोल्ट चुंबकाला चिकटतात. सगळे नाहीत, एका खोक्यातले. ३०४ जातीच्या स्टेनलेसची थंडी घडाई झाली की त्यात थोडी चुंबकीय फेज तयार होते, वेल्डच्या आसपासही तसंच. दोऱ्याला लटकवलेला चुंबक घेऊन प्रत्येक बोल्ट, वॉशर, ब्रॅकेट तपासला आणि वेसलजवळचे सगळे ३१६एल जातीचे घातले. वेळ गेला पण स्वस्तातलं काम आहे. हॉलमधली लोखंडी अवजारांची ट्रॉली पण कायमची बाहेर.

२० एप्रिल

कॉइलची टोकं. यावर कोणी फारसं लिहीत नाही.

स्टेलरेटरच्या सिमेट्रीमध्ये एका पिरियडमधल्या दोन ब कॉइल एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा नसतात, एक दुसरीला १८० अंशांत उलटी फिरवून मिळते. म्हणून सहाही ब कॉइल अगदी एकसारख्या बनवता येतात, हे उत्तम. पण उलटी फिरवली की वर निघणारी टोकं खाली जातात. बसबार (करंट पोचवणारी तांब्याची पट्टी) वर होती, म्हणून उलट्या कॉइलची टोकं ३० सेमीच्या जोडपट्ट्या लावून वर आणली गेली, एक पट्टी इकडून, दुसरी तिकडून, मधे ४ सेमीची फट.

आता हिशेब बघा. ती फट म्हणजे एका फेऱ्याचा लूप, रुंदी ४० मिमी. कॉइलमध्ये फेरे २४. ४० भागिले २४, म्हणजे त्या ३० सेमीच्या लांबीत कॉइल १.७ मिमी सरकवल्यासारखं झालं! प्लाझ्मापासून थोडं लांब आहे म्हणून परिणाम कमी होईल, पण आम्ही ०.२ साठी पहाटे उठून मोजत होतो आणि इथे १.७ उघड्यावर पडलेले.

सगळ्या जोडपट्ट्या काढल्या. जाणारी आणि येणारी पट्टी एकमेकांना चिकटवून, मधे फक्त पातळ इन्सुलेशन, आणि अर्ध्या कॉइलसाठी दुसरी बसबार खाली. १८ कॉइल सिरीजमध्ये जोडल्या की बसबारचा स्वतःचाच टोरसभर एक फेरा होतो, त्याच्या शेजारून परतीची पट्टी फिरवून तोही मारला. नवं तांबं, नवे क्लॅम्प, आणि वेळापत्रकाचा पार बोऱ्या वाजला.

११ मे

पहिलं मॅपिंग. व्हॅक्यूम मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास, छोटी इलेक्ट्रॉन गन ८० इलेक्ट्रॉन-व्होल्टवर, आणि झिंक ऑक्साइडचा लेप दिलेली पातळ दांडी जी एका छेदातून हळू फिरवायची. बीम दांडीला जिथे लागतो तिथे ठिपका चमकतो, कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवलं की सगळे ठिपके एका फोटोत जमतात. कॅमेऱ्याचा कोन आणि लेन्सचा वाकडेपणा भोकांची प्लेट ठेवून आधीच मोजला होता, वेसल बंद केल्यावर ते करता येत नाही.

मधल्या चुंबकीय पृष्ठभागांची वर्तुळं (वर्तुळं कसली, घेवड्याच्या दाण्यासारखा आकार) स्वच्छ आली. सगळे उभे राहून टाळ्या वगैरे. मग गन बाहेर सरकवत नेली आणि योटा (टोरसच्या एका फेरीत फील्ड लाइन नळीभोवती किती फेरे घेते ते प्रमाण) १/३ च्या जवळ तीन आयलंड (पृष्ठभाग तुटून झालेली फील्डची सुटी बेटं) दिसले, प्रत्येक जवळपास २ सेमी रुंद. प्लाझ्माची त्रिज्या ८ सेमी, त्यात २ सेमीचं आयलंड.

तीन पिरियडच्या मशीनमध्ये १/३ ची एवढी ठळक साखळी डिझाइनमधून येत नाही, ती सिमेट्री मोडली तरच येते. म्हणजे ही सरळ आमच्या चुकांची छबी आहे. आणि आयलंडची रुंदी एरर फील्डच्या (चुकांमुळे आलेल्या जादा फील्डच्या) वर्गमुळाने जाते, त्यामुळे रुंदी निम्मी करायची तर एरर चौथाईवर आणावा लागतो. हे गणित मनाला फार लागतं.

एक व्यावहारिक गोष्ट: आयलंडच्या आत बीम दर तिसऱ्या फेरीला जवळजवळ त्याच जागी येतो आणि गनच्याच पाठीत आपटून संपतो, ठिपके चार-पाचच मिळतात. गनचं डोकं जितकं बारीक तितकं बरं. आम्ही ते ३ मिमीवर आणलं.

१५ मे

एरर कॉइलचा की पृथ्वीचा? पृथ्वीचं फील्ड साधारण अर्धा गॉस, आमचं ५०० गॉस, म्हणजे हजारात एक. दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. उभा घटक टोरसभर सारखाच असतो, तो अक्ष सरकवतो. आडवा घटक एका बाजूला आत आणि दुसऱ्या बाजूला बाहेर, तोच सिमेट्री मोडतो.

वेगळं काढायची युक्ती सोपी आहे, सगळ्या कॉइलचा करंट उलटा करा. कॉइलच्या जागेची चूक करंटबरोबर उलटते, त्यामुळे मुख्य फील्डच्या तुलनेत ती तशीच राहते, पृथ्वीचं फील्ड मात्र उलटत नाही, म्हणून तुलनेने त्याची दिशा बदलते. फक्त पृथ्वीच जबाबदार असती तर आयलंडचे मध्य आणि त्यांच्यामधले फाटे यांनी जागा अदलाबदल केली असती. आमचे आयलंड थोडे फिरले आणि रुंदी १.३ सेमीवर आली. म्हणजे दोन्ही आहेत. रुंदीचा वर्ग आणि जागेचा कोन घेऊन प्रत्येक फोटोचा एक बाण काढायचा, दोन बाणांच्या बेरजेचा निम्मा कॉइलचा, वजाबाकीचा निम्मा पृथ्वीचा. सावध राहा, मऊ लोखंड कॉइलच्या फील्डने भारलं जातं आणि करंटबरोबर उलटतं, ते कॉइलच्या खात्यात लपतं.

करंट उलटल्यावर इलेक्ट्रॉनच्या ड्रिफ्टमुळे अख्खं चित्र २-४ मिमी बाजूला सरकतं, तो एरर नव्हे. आमच्यात यावरून जरा घबराट झाली होती.

पृथ्वीच्या आडव्या घटकासाठी मशीनच्या दोन्ही बाजूंना मोठे चौकोनी लूप उभे केले, आठवड्याच्या आत काम झालं आणि खर्च जवळजवळ शून्य. हे आधीच करायला हवं होतं, कोणतंही मॅपिंग करायच्या आधी.

३० मे

उरला कॉइलचा बाण. प्रत्येक कॉइल तीन दिशांना सरकवून आणि तीन अक्षांवर फिरवून १/३ वर किती परिणाम होतो याचं टेबल कॉम्प्युटरवर काढलं, १८ गुणिले ६, १०८ आकडे. बघून डोळे उघडले. क कॉइल उभ्या दिशेला १ मिमी हलवली तरी जवळजवळ काही होत नाही, आणि ब कॉइलचा त्रिज्येच्या दिशेचा सरकाव एकटाच बाकी सगळ्यांवर भारी. आम्ही सगळ्यांना सारखा ०.२ चा नियम लावून क कॉइलवर जितके कष्ट घेतले ते सगळे पाण्यात गेले. हे टेबल जानेवारीतच काढता येतं, ड्रॉइंगवरूनच निघतं.

कोलंबिया विद्यापीठातल्या सीएनटी या स्टेलरेटरने हा विचार उलट्या बाजूने केला होता, चारच गोल कॉइल, आणि रचना मुळातच अशी निवडलेली की जुळवणीतल्या चुका सहन व्हाव्यात.

चुंबकीय मापातले आकडे टेबलात घातले तर बाणाचा मोठा भाग ब-४ मधूनच येतो, अपेक्षेप्रमाणे. ती बदलायची तर दोन फ्लँज उघडायच्या, व्हॅक्यूम मोडायचं, सहा कॉइलची जुळवणी पुन्हा. त्याऐवजी विचार केला की अख्खं मॉड्यूल २ कडक वस्तू समजून बाहेर सरकवलं तर? तीनपैकी एकच मॉड्यूल हललं की त्यातूनही सिमेट्री मोडणारं फील्ड तयार होतं, ते ब-४ च्या विरुद्ध दिशेला धरायचं. हिशेबात ०.४ मिमी बाहेर आणि किंचित तिरकं आलं. फ्लँजच्या सीलमध्ये आणि बेलोमध्ये (लवचिक जोडात) तेवढी ढील आहे. मॉड्यूलखालचे शिम (पातळ पट्ट्या) घासून बदलले.

गंमत म्हणजे ट्रॅकरच्या रिपोर्टमध्ये आता मॉड्यूल २ चे सगळे बिंदू लाल आहेत, ड्रॉइंगप्रमाणे जुळवणी आधीपेक्षा वाईट. आमच्या मेकॅनिकल सहकाऱ्याने रिपोर्टवर सही करायला नकार दिला, "सर, मी हे चुकीचं आहे असं लिहून मगच सही करीन." तसंच लिहून घेतलं.

१० जून

नवीन मॅपिंग, आयलंड ७ मिमी.

उरलेल्या चुकीसाठी ट्रिम कॉइल, म्हणजे फील्ड किंचित सुधारणाऱ्या जादा कॉइल. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरला ५० वळणदार आणि २० सपाट सुपरकंडक्टिंग कॉइल आहेत, तरी बाहेरून ५ ट्रिम कॉइल लावलेल्याच आहेत. तिथे योटा मुद्दाम १/२ वर आणून एरर फील्ड मोजलं आणि फील्डची रचना १,००,००० त १ पेक्षा कमी विचलनाने डिझाइनशी जुळते असं दाखवलं. आम्ही बाहेरून चार आयताकृती लूप लावले, समोरासमोरच्या जोड्या. करंटचा आकार स्थिर ठेवून दिशा फिरवायची, आयलंडची रुंदी कमी-जास्त होते, सगळ्यात बारीक कुठे येतं ते बघायचं, मग त्या दिशेने करंट वाढवत न्यायचा. एका मर्यादेपुढे आयलंड पुन्हा वाढायला लागतं, फाट्याच्या जागी मध्य येतो, म्हणजे ओलांडलं.

सगळ्यात बारीक आलं तेव्हा ठिपक्यांच्या जाडीत आयलंड वेगळं ओळखू येत नव्हतं, ३ मिमीच्या आत एवढंच म्हणता येतं. त्याहून खाली जायचं तर दांडी बारीक हवी.

बाकी कामं: पल्समध्ये ०.१ टेस्लाला कॉइल किती वाकतात ते मोजलेलं नाही, त्यासाठी मॉड्यूल २ आणि ३ च्या मधल्या फटीत डायल गेज लावतोय. ट्रिमचा करंट फील्डच्या प्रमाणात चालवायचा, पृथ्वीच्या लूपचा मात्र स्थिर, दोन्हींचे पॉवर सप्लाय म्हणून वेगळे ठेवलेत. आणि ब-४ साठी सुटी कॉइल गुंडाळायला घेतलीय, या वेळी वळणावर पट्ट्या दुसऱ्या थरापासूनच.